कुठून, केव्हा, कोणी : वारसास्थळांच्या छायाचित्रणाविषयी

काही वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही माहुलीची छायाचित्रे लावली होती. दुपारी एका ठाकूरवाडीतली आजी नातवाचा हात धरून आली. सगळ्यांत मोठ्या चित्रापुढे ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "ही आमची माहुली नाय. आमच्याकडून नवरी पुढं दिसते." माहुलीच्या सुळक्यांना इकडे नवरा, नवरी, करवली, भटोबा अशी नावे आहेत. पावसाळ्यात ढगांमधून चाललेली वरातच जणू. आमच्या चित्रात नवरा पुढे होता, कारण आम्ही हमरस्त्याच्या बाजूने पाहत होतो. चित्राखाली आम्ही फक्त 'किल्ले माहुली' एवढेच लिहिले होते. कुठून काढले, कोणत्या महिन्यात, कोणी, यांतले काहीही नव्हते. आजीने आमची चूक दोन वाक्यांत दाखवली. हे पुस्तक त्या दोन वाक्यांतून निघाले.

वारसास्थळाचे छायाचित्र म्हणजे काय, हे नव्याने येणाऱ्या वाचकासाठी आधी सांगतो. सहलीचे चित्र आपण तिथे होतो हे सांगते. वारसास्थळाचे चित्र ती जागा कशी होती ते सांगते, आणि जो तिथे कधी जाणार नाही किंवा जाईल तेव्हा तिच्यातले काही उरलेले नसेल, अशा माणसाला सांगते. म्हणून त्याच्यावर दोन ओझी असतात. ते पाहणाऱ्याला थांबवणारे हवे आणि पन्नास वर्षांनी साक्ष देऊ शकेल असेही हवे. ही दोन्ही ओझी एकाच चित्राने कशी पेलायची, हाच या क्षेत्राचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे.

छायाचित्रणकला मुंबईत फार लवकर आली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच दशकात मुंबईत व्यवसाय थाटला. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळेकडच्या इमारती टिपायला नेमले. इथे वारशाचे छायाचित्रण सुरू झाले ते सरकारी कामाचा भाग म्हणून. मोजणी, आराखडा, उतारा आणि जोडीला छायाचित्र. पुढे काचेची ओली प्लेट आली. ती जागेवरच लेपायची, ओली असतानाच उजेड दाखवायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. काचा, रसायने, पाणी आणि तंबू वाहून न्यायला बैलगाड्या लागत. दिवसभरात मोजकीच चित्रे हाती येत, आणि म्हणून प्रत्येक चित्रापूर्वी माणूस विचार करत असे. आजचा मोबाइल आपल्याकडून तो विचार मागत नाही, तो आपणच आणावा लागतो.

आमच्या ठाणे जिल्ह्याला या इतिहासात मानाची जागा आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ येतो. शिलाहारांच्या त्या मंदिराची १८६८ मध्ये सरकारी आज्ञेवरून पद्धतशीर नोंद झाली. मुंबईच्या कलाशाळेतली माणसे तिथे येऊन राहिली, आरेखने केली, शिल्पांचे साचे घेतले, छायाचित्रे काढली. एकाच वास्तूची इतक्या बाजूंनी एकत्र केलेली ही नोंद त्या काळी दुर्मीळ होती. पुढे जेम्स बर्जेस आणि हेन्री कझन्स यांनी पश्चिम भारतातल्या लेण्या-मंदिरांचे सर्वेक्षण याच शिस्तीने नेले.

त्याच काळात अजिंठ्याला एक गोष्ट घडली. ती या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाला माहीत असावी असे मला वाटते. रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवत होता. उभी हयात त्याने तिथे घालवली. त्याची मोठमोठी चित्रे लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली आणि १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. त्याच्यानंतर जॉन ग्रिफिथ्सने जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. गिलने कॅमेरा हाती घेऊन काढलेली लेण्यांची जोडचित्रे मात्र १८६० च्या दशकात पुस्तकात छापली गेली होती. ती अनेक ठिकाणी पोचली म्हणून उरली. जे एकाच ठिकाणी असते ते एकाच आगीत जाते. हा धडा आज संगणकातल्या चित्रांनाही तितकाच लागू आहे, आणि तो न शिकल्याने लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत नाहीशी झालेली मी पाहिली आहे.

इथून मी जपानकडे वळतो. वाचक विचारतील, शहापूर तालुक्यातल्या भातसानगरला बसून जपान कशाला? कारण या विषयाचा सर्वांत खोल विचार मला तिथे सापडला, आणि त्यातला बराचसा आमच्या डोंगरांना जसाच्या तसा लागू पडतो.

१८६८ च्या सत्तांतरानंतरच्या जपानमध्ये जुन्याची लाज वाटू लागली होती. बौद्ध मंदिरांवर संकट आले, मूर्ती फुटल्या, विकल्या गेल्या. १८७१ मध्ये सरकारने प्राचीन वस्तू जपण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी निनागावा नोरिताने या सरकारी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून योकोयामा मात्सुसाबुरो या छायाचित्रकाराने पडझड झालेल्या एदो किल्ल्याची दारे, बुरूज, तटबंदी टिपली. पुढच्या वर्षी देशातल्या जुन्या मंदिरांमधल्या वस्तूंची पाहणी झाली, तिच्याबरोबरही योकोयामा होता. त्या पाहणीमागे एक कारण १८७३ च्या व्हिएन्नातल्या जागतिक प्रदर्शनाची तयारी हेही होते. म्हणजे जपानमध्ये वारशाचे छायाचित्रण आणि प्रदर्शन जवळजवळ जुळी भावंडे म्हणून जन्मली.

मग होर्युजी. नारा परिसरातल्या या प्राचीन मठाच्या सुवर्णमंडपात भित्तिचित्रे होती. त्यांतले बोधिसत्त्व पाहताना अजिंठा आठवल्याशिवाय राहत नाही, असे तिथले आणि इथले अभ्यासक सांगत आले आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात आराई काम्पो हा जपानी चित्रकार अजिंठ्याला येऊन प्रतिकृती करून गेला, तो याच ओढीने. १९३५ मध्ये क्योतोच्या बेन्रिदो या छपाईसंस्थेने होर्युजीच्या भिंती मूळ आकारात, तुकड्यातुकड्याने, काचेच्या मोठ्या प्लेटांवर टिपल्या. कोणत्या प्लेटेवर भिंतीचा कोणता भाग, हे काटेकोर लिहून ठेवले. २६ जानेवारी १९४९ रोजी, चित्रकार त्या भिंतींच्या प्रतिकृती रंगवत होते त्याच काळात, मंडपाला आग लागली आणि चित्रांचे रंग करपून गेले. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस चित्रकारांनी ती चित्रे पुन्हा उभी केली, तेव्हा आधार १९३५ च्या काचांचाच होता. त्या आगीनंतर पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, जपानने सांस्कृतिक संपदेच्या रक्षणाचा कायदा केला. २६ जानेवारी हा तिथे वारसास्थळांच्या आगप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळला जातो. आपण शाळेच्या पटांगणात झेंडावंदन करत असतो त्या दिवशी तिकडे देवळांच्या आवारात पाण्याचे फवारे उडवून सराव चालतो.

होर्युजीत अचूकपणाची कसोटी लागली. पण त्याच देशात वेगळ्या वाटेनेही गेलेले लोक आहेत. दोमोन केन हा माझा आवडता छायाचित्रकार. 'कोजी जुन्रेई', म्हणजे प्राचीन मंदिरांची यात्रा, हे त्याचे पाच खंड १९६३ ते १९७५ या काळात निघाले. पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यानंतर तो चाकाच्या खुर्चीत बसून काम करत असे. तो मूर्तीच्या इतक्या जवळ जातो की लाकडाची शीर दिसते, ओठांच्या कडेचा छिन्नीचा घाव दिसतो. मुरोजी मंदिर बर्फात पाहायचे म्हणून त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि १९७८ मध्ये एकदाचे ते बर्फ त्याला मिळाले. त्याच्याच काळातला इरिए ताइकिची दूर उभा राहतो. धुके, भातखाचरे आणि मागे अर्धवट दिसणारा मनोरा. एकाला वस्तू हवी, दुसऱ्याला वस्तूभोवतीची हवा. या दोघांची चित्रे शेजारी ठेवून पाहिली की वारशाच्या छायाचित्रणातली निम्मी भांडणे समजतात.

आपल्याकडेही हेच दोन ओघ आहेत. लाला दीनदयाळांच्या चित्रांत भव्यता आणि रचना आहे. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या चित्रांत समोरासमोरची कोरडी अचूकता. पुढे गोपाळ बोधे यांनी विमानातून आणि हेलिकॉप्टरमधून महाराष्ट्र टिपला, तेव्हा किल्ल्याचा माथा, माची आणि बालेकिल्ला यांचे नाते बहुतेकांना पहिल्यांदाच दिसले. बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अजिंठ्याची चित्रे झगझगीत दिव्यांवाचून, अंधुक उजेडात लांब वेळ देऊन काढली आणि त्या भिंतींचे खरे रंग लोकांपुढे आले. अलीकडे एकमेकांवर चढत जाणारी शेकडो चित्रे काढून त्यांतून संगणकावर मोजता येईल अशी त्रिमिती प्रतिकृती करतात. हे तंत्र आता कॉलेजातल्या मुलांच्याही आवाक्यात आले आहे. ड्रोनबद्दल मात्र माझे मत सांगतो. ड्रोनने किल्ला छान दिसतो आणि तेवढ्यावर माणूस थांबतो. वाट, पायरी, टाके, उंबरा या गोष्टी पायी चालणाऱ्यालाच दिसतात.

जपानकडून घ्यावी अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची. १९१९ मध्ये त्यांनी ऐतिहासिक जागा, निसर्गरम्य स्थळे आणि नैसर्गिक स्मारके यांसाठी एकच कायदा केला. जुना वाडा आणि जुना वृक्ष एकाच यादीत आले. १९९३ मध्ये जपानची पहिली चार स्थळे जागतिक वारसा यादीत गेली. त्यांतली होर्युजी आणि हिमेजी ही दोन माणसाने घडवलेली, तर याकुशिमा आणि शिराकामी ही दोन जंगले. आपल्याकडे मात्र लेणी एका खात्याची, जंगल दुसऱ्याचे, धरण तिसऱ्याचे, आणि छायाचित्रकारही तसेच विभागलेले. किल्लेवाला पाखरांकडे बघत नाही, पाखरांवाला शिलालेखाकडे.

शहापूर-मुरबाडमध्ये ही विभागणी टिकूच शकत नाही. माहुलीवर १६३६ मध्ये शहाजीराजांच्या निजामशाही वाचवण्याच्या धडपडीचा शेवट झाला. तोच डोंगर आज तानसा अभयारण्यात आहे. आजोबाच्या डोंगरावर वाल्मीकींचा आश्रम मानतात, आणि 'आजोबा' हेच नाव मिळालेला बिबट्या २००९ मध्ये गळ्यात पट्टा घेऊन घाटमाथ्यापासून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. ते रान आजही पावसाच्या तोंडावर काजव्यांनी भरून जाते. म्हसा गावच्या यात्रेला पौषी पौर्णिमेपासून गुरांचा बाजार भरतो. ते देवस्थान, तो बाजार आणि ती गुरे यांतला नेमका कोणता भाग सांस्कृतिक आणि कोणता नैसर्गिक?

रानपिंगळा या घुबडाची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी. शंभरहून अधिक वर्षे तो नाहीसा झाला असे मानले जात होते. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये तानसाच्या जंगलात त्याची नोंद झाली. साध्या पिंगळ्यापासून त्याला वेगळे ओळखायचे तर कपाळ, छाती, पायांवरची पिसे नीट दिसायला हवीत. तिथे चित्र हाच पुरावा. पण तो तानसात आहे हे कळल्यावर कॅमेऱ्यांची गर्दी झाली की पक्ष्याचे काय होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. ध्वनिमुद्रित हाक वाजवून त्याला बाहेर काढणे, घरट्याजवळ ठाण मांडणे हे चोरीच्या जवळ जाणारे आहे, असे मी मानतो. काजव्यांच्या झाडाखाली विजेऱ्यांचे झोत पाडणे आणि शिलालेखाची अक्षरे उठावीत म्हणून त्यांत खडू भरणे हेही त्याच जातीचे. अक्षरे वाचायची तर उजेड बाजूने, तिरपा पाडावा. साधा आरसा किंवा पांढरा पुठ्ठासुद्धा पुरतो. दगडाला हात लावायची गरज नसते.

नाणेघाटाचा उल्लेख मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला. मुरबाडहून वैशाखऱ्यापर्यंत जायचे, मग खडी चढण चढायची, आणि घाटमाथ्याच्या तोंडाशी ती लेणी. आत डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा मोठा ब्राह्मी लेख, यज्ञांची आणि दानांची नोंद. भारतातल्या जुन्यात जुन्या अंकचिन्हांपैकी काही त्यातच आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्या वाचनामुळे सातवाहनांच्या इतिहासाला तिथून आधार मिळाला. पण मी तिथे गेलो की समोरच्या भिंतीपाशी थांबतो. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वर कोरलेली नावे मात्र आहेत: सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी. चित्र गेले आणि चित्राची ओळ राहिली. ती ओळ कोणी लिहिली नसती तर त्या पायांचे मालक कोण हे दोन हजार वर्षांनी कोणालाही सांगता आले नसते. आमच्या शाळेतल्या प्रदर्शनात आम्ही नेमके उलटे केले होते. चित्र होते आणि ओळ नव्हती.

आज हे सगळे का निकडीचे झाले ते इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ मध्ये खुला झाला, तो शहापूर तालुक्यातून जातो. डोंगरउतारांवर प्लॉट पडले आहेत. काळू आणि शाई या नद्यांवरच्या धरणांचे प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत आहेत, आणि त्यांच्या काठच्या वाड्यांत आजही चुली पेटतात. २०२५ मध्येच मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, हा आनंदाचा भाग. पण त्या बारांत नसलेल्या माहुली, गोरखगड, सिद्धगड यांच्याकडे आता कोण पाहणार, ही काळजी त्या आनंदातूनच येते.

मी ज्या वसाहतीत राहतो ती धरणाची आहे. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा भातसा देते आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांत उन्हाळ्यात टँकर येतो. धरणाच्या पाण्याखाली घरे, खळी, देवळे गेली. त्या गावांची छायाचित्रे मी घरोघर विचारली. हाती आली ती लग्नातली, दाखल्यावरची, एक-दोन मयताच्या वेळी काढलेली. माणसांच्या मागे कुठेतरी भिंतीचा कोपरा, आंब्याची फांदी, पडवीचा खांब दिसतो. त्या कोपऱ्यांतून गाव जुळवायचा प्रयत्न मी केला आणि जुळले नाही. त्या काळी कोणी एका माणसाने आठवडाभर फिरून चारी बाजूंनी चाळीस चित्रे काढून ठेवली असती, तर पुरले असते.

म्हणून हे पुस्तक कॅमेऱ्यांच्या किमतीबद्दल फार बोलत नाही. जागेपाशी किती वेळा आणि कोणत्या ऋतूंत जावे, परवानगी कोणाकडे आणि का मागावी, गावातल्या माणसाला आधी काय विचारावे, हे त्यात आहे. प्रदर्शनाबद्दलही बरेच आहे, कारण प्रदर्शन म्हणजे अल्बम भिंतीला टांगणे नव्हे. मोठ्या चित्राशेजारी त्याच जागेचे छोटे, कोरडे, मोजपट्टी ठेवून काढलेले चित्र लावले तर पाहणारा दोन्हींकडे अधिक नीट पाहतो. विजेचे मनोरे, कचरा, पत्र्याच्या शेड संगणकावर पुसू नयेत, असे आम्ही ठामपणे सांगितले आहे. ते पुसले की ते चित्र कोणत्याही वर्षाचे राहत नाही. फ्लेक्सवरची छपाई स्वस्त पडते, पण उन्हात लवकर विटते, म्हणून निदान एक संच चांगल्या कागदावर करून गावच्या शाळेत किंवा ग्रंथालयात ठेवावा, दुसरा वेगळ्या गावी. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या चित्रांना लागलेल्या आगी विसरून चालणार नाही. आणि प्रदर्शन मुंबई-पुण्याला नेण्याआधी ज्या गावाची ती चित्रे आहेत त्या गावात लावावे. चुका तिथेच कळतात.

पुस्तकात जव्हार-मोखाडा आणि वारली चित्रकला नाही. तो विषय मोठा आहे आणि त्यावर अधिकाराने लिहिणारे दुसरे आहेत. धरणाच्या भिंतीची छायाचित्रेही नाहीत, त्यांना परवानगी लागते आणि आम्हाला ती आवश्यक वाटली नाही. कारवीचा बहर एकाच हंगामाचा आहे, कारण ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते.

माहुलीची चित्रे पाच आहेत, पाच ठिकाणांहून काढलेली: आसनगावहून, आटगावच्या बाजूने, इथल्याच वांद्रे गावातून, तानसाच्या पाण्यापलीकडून, आणि पाचवे त्या आजीच्या वाडीतून, तिच्या अंगणात उभे राहून, श्रावणातल्या एका उघडिपीत सकाळी साडेसातला. प्रत्येकाखाली जागा, महिना आणि काढणाऱ्याचे नाव दिले आहे. पाचव्यात नवरी पुढे आहे.

भातसानगर, तालुका शहापूर